छटाकचं वजन

छटाकला डॉक्टरबाईंनी अखेर ठेवून घेतलं. मात्र अधिकृतरीत्या असं काही घडलेलं नाही. कोणी विचारलंच, तर छटाक तात्पुरत्या बदलीवर गेला आहे, असं सांगायचं अप्पांनी घरात सगळ्यांना बजावलं आहे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी "पोपटाची बदली होते?" असं विचारलं, तेव्हा "कर्तबगारांचीच होते," असं उत्तरही त्यांनी देऊन ठेवलं आहे. तेव्हा आपणही तो पिंजऱ्यातच आहे असं धरून चालू.

अप्पा म्हणजे वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करण्यात घालवली. पारड्याच्या बुडाला चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसायचा. ते बाजारात शिरले की बटाटे आपोआप जास्त भरायचे, अशी त्यांची ख्याती होती. निदान घरात तरी तशी होती, कारण ती त्यांनी स्वतःच आणली होती. ते निवृत्त झाले तेव्हा खात्यानं त्यांना एक पितळी तराजू भेट दिला आणि मुलानं-सुनेनं पोपटांची जोडी. तराजू बैठकीच्या टेबलावर बसला, पोपट खिडकीपाशी. अप्पांनी थोराड दिसणाऱ्याचं नाव ठेवलं पावशेर आणि किरकोळ दिसणाऱ्याचं छटाक, म्हणजे पावशेराचा चौथा हिस्सा. पुढे छटाकनं हे कोष्टक मोडीत काढलं.

घरात अप्पांचं ऐकून घेणारा तेवढा एकच जीव उरला होता. माईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, जेवढं ऐकायचं तेवढं तरुणपणीच ऐकून संपवलं होतं. मुलगा विमा विकायचा, त्यामुळे घरी आल्यावर कोणाचंही बोलणं ऐकणं त्याला नोकरीतलंच काम वाटायचं. सून शाळेत गणित शिकवायची आणि गोष्टीत आकडे आले की तपासायची, म्हणून तिला गोष्टी सांगणं धोक्याचं. राहिला छटाक. सकाळी तो अप्पांच्या खांद्यावर येऊन बसायचा आणि अप्पा त्याला साबणाच्या व्यापाऱ्याला कसं पकडलं ते सांगायचे. छटाक मान तिरकी करून ऐकायचा. "झालीय ही सांगून," असं तो आजवर एकदाही म्हणाला नव्हता.

हा छटाक एके दिवशी पिंजऱ्यातून पडद्याच्या दांडीकडे उडाला आणि निम्म्या वाटेत धुतलेल्या कपड्यांच्या टोपलीत पडला. पडला तो पिकल्या फळासारखा. वर मान काढून त्यानं असं काही पाहिलं, की जणू टोपलीतच जायचं ठरलं होतं.

पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंनी त्याला हातात घेऊन छाती चाचपली.

"याचं छातीचं हाड कुठंय?"

"असेल की आत," अप्पा म्हणाले. "जाणार कुठे?"

"खातो काय?"

"सूर्यफुलाच्या बिया."

"आणि?"

"आणि मग पुन्हा सूर्यफुलाच्या बिया. खाण्याच्या बाबतीत शिस्तीचा आहे."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. ही त्यांची रागवायच्या आधीची तयारी होती. छटाकच्या यकृतावर चरबी चढत होती. यापुढे पोपटांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, वर पालेभाजी, गाजर, घेवड्याच्या शेंगा, थोडं फळ. बिया आणि अक्रोड-बदाम म्हणजे जेवण नव्हे, खाऊ. आणि खाऊ म्हणजे दहा घासांत फार तर एक.

"पुढच्या वेळी वजन उतरलेलं नसलं, तर मी याला इथेच ठेवून घेणार. महिनाभर. आणि घरच्यांनी भेटायला यायचं नाही."

"म्हणजे निलंबन?"

"म्हणजे पथ्य."

घरी येताना अप्पांनी पिंजरा मांडीवर घेतला होता. महिनाभर सकाळी कोणाशी बोलायचं, हा प्रश्न त्यांनी बोलून दाखवला नाही. पण उंबरठ्यातून आत पाऊल टाकलं आणि त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला.

"आजपासून छटाकच्या आहाराचा ताबा माझ्याकडे," त्यांनी जाहीर केलं. "वजनाच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्माला यायचाय."

"त्याला फसवायचं कशाला?" माई म्हणाल्या. "नुसतं कमी खायला घाला."

हा उपाय अप्पांना फारच अशास्त्रीय वाटला.

पहिल्याच दिवशी त्यांनी बियांच्या बरणीला शिसं आणि तार लावून खात्याच्या पद्धतीनं सील ठोकलं. मग शेंगदाण्यांच्या डब्याला. मग, पोपट बिस्किटाकडे बघताना दिसला म्हणून, बिस्किटांच्या डब्याला. संध्याकाळी मुलानं चहाबरोबर बिस्किट मागितलं, तेव्हा माईंनी त्याला डबा नुसता वाजवून दाखवला.

ताटल्यांमध्ये मात्र सगळं कायद्यानुसार पडत होतं. गोळ्या, पालक, गाजराचे काप. पावशेरनं दोन दिवस रुसून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी गाजर असं खाल्लं की जणू त्याचा शोध त्यानंच लावला होता. छटाकही हळूहळू पालक चघळू लागला. सगळं नियमानुसार चाललं होतं. अडचण फक्त तोलण्याची होती.

पितळी तराजूचं पारडं हलतं. हलणाऱ्या वस्तूवर बसायला कोणताही शहाणा पक्षी तयार होत नाही. पावशेरला पारड्यावर ठेवायला गेलं की तो सरळ कपाटावर जाऊन बसायचा, आणि बरोबर एक किंकाळी घेऊन जायचा, जी नंतर बराच वेळ खाली यायची नाही. म्हणून त्याला अप्पांनी तोलण्यातून वगळलं. छटाकनंही आधी मागे सरून पाहिलं. मग अप्पांनी खिशातून अक्रोडाचा तुकडा काढून दाखवला. छटाक पारड्यावर चढला, तुकडा घेतला, आणि काटा स्थिर होईपर्यंत मूर्तीसारखा बसून राहिला.

आता, हा तुकडा म्हणजे खाऊ नव्हता. अप्पांच्या मते तो तपासणीचा खर्च होता.

शिवाय एकदा तोलून भागत नाही. एका तोलण्यावर विसंबायचं नाही, तीनदा तोलायचं, हे अप्पांच्या हाडात भिनलेलं. छटाकला उतरवायचं, चढवायचं, उतरवायचं, चढवायचं. दर चढाईला खर्च आलाच.

आठवडा संपला आणि वजन वाढलं.

अप्पांनी प्रमाण वजनं चिंध्यांनी पुसून घेतली, पारड्यांच्या बुडाशी बोट फिरवलं, टेबलाचा तोल पाहिला. तराजू निर्दोष होता. म्हणजे माणसं दोषी होती.

"घरात कोणीतरी काटा मारतंय," ते जेवताना म्हणाले आणि एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" माई म्हणाल्या. "मला त्या पिंजऱ्याचं दार तरी उघडतं का?"

"दार उघडत नाही हे तुला कसं माहीत?"

माईंनी यावर जेवण संपवणंच पसंत केलं.

दुसऱ्या दिवशी धाड पडली. माईंची विणकामाची पिशवी उलटी केली गेली. तिच्यातून लोकर निघाली. मुलाच्या कोटाचे खिसे झाडले. त्यांतून विम्याची माहितीपत्रकं निघाली, आणि मुलानं तेवढ्यात वडिलांना एक योजना समजावून पाहिली. सुनेच्या पर्समध्ये खडू सापडले. पांढरी वस्तू दिसताच अप्पांनी एक खडू चाटून पाहिला.

"कॅल्शियम चांगलं असतं, अप्पा," सून म्हणाली. "अजून एक देऊ?"

धाडीत काही लागलं नाही, तेव्हा अप्पांनी ठेवणीतला डाव काढला. खात्यात असताना ते बनावट गिऱ्हाईक होऊन दुकानात शिरायचे. त्यांनी टोपी घातली, गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि बाहेर जाऊन घराची घंटा वाजवली. माईंनी दार उघडलं.

"बाई," अप्पा आवाज बदलून म्हणाले, "आमच्या घरी पोपट आहे. फार रडतो. त्याला गुपचूप काय द्यावं?"

"पोपटाचं माहीत नाही. तुम्ही आत या, तुम्हाला चहा देते."

"चहाबरोबर बिस्किट?"

"ते सील आहे."

अप्पा टोपी काढून आत आले. बाई मुरलेली आहे, एवढाच निष्कर्ष निघाला.

मग त्यांनी पहारा कडक केला. पिंजऱ्याजवळून कोणी गेलं, की त्याच्या आधीचं वजन आणि नंतरचं वजन. सून शाळेला निघाली, की तोलणं. मुलगा मोबाइल चार्ज करायला खिडकीशी गेला, की तोलणं. माईंनी पडदा सारला, की तोलणं. आणि प्रत्येक वेळी अर्थातच तीनदा. छटाकचं सहकार्य वाखाणण्यासारखं होतं. आता त्याला बोलवावंही लागत नसे. घरात कोणी उठून उभं राहिलं की तो आपण होऊन पारड्याकडे चालू लागायचा. अप्पांना भरून यायचं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत एकाही दुकानदारानं त्यांच्याशी असं वर्तन केलं नव्हतं.

"अक्रोड फार लागतायत हल्ली," माई एकदा म्हणाल्या.

"खात्याला खर्च येतोच," अप्पा म्हणाले.

वजन मात्र चढतच राहिलं. पिंजऱ्यातली दांडी मधोमध वाकली आणि पावशेर, त्याची इच्छा असो वा नसो, घसरत घसरत छटाकला येऊन चिकटू लागला. सकाळी छटाक खांद्यावर बसला की अप्पा एका बाजूला कलायचे. खालच्या काकूंनी जिन्यात विचारलं, "पाठीचं काही दुखणं आहे का हो?"

"वय झालं," अप्पा म्हणाले. खांद्यावर पोपट आहे म्हणून कलतो, हे त्यांनी मान्य केलं नसतं. साबणाच्या व्यापाऱ्याची गोष्ट ते कललेल्या अवस्थेतच पुरी करायचे.

तपासणीचा दिवस उजाडला. पावशेरसकट सगळं घर गेलं. अप्पांच्या दृष्टीनं ते संशयितांना हजर करणं होतं. बाकीच्यांच्या दृष्टीनं अप्पांना सांभाळणं.

"डॉक्टरबाई, वजन वाढलंय हे मी आधीच सांगतो," अप्पा म्हणाले. "मी दडवणारा माणूस नाही. गुन्हेगार या खोलीत आहे. कोण, तेवढं तुम्ही रक्ततपासणीत काढा."

"कोणाच्या रक्ताच्या?"

"गरज पडली तर सगळ्यांच्या."

डॉक्टरबाईंनी आपला छोटा वजनकाटा टेबलावर ठेवला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. पक्षी घाबरतात, धरावे लागतात, म्हणून त्यांनी हातात टॉवेल घेतला होता. तो तसाच राहिला. छटाकनं काटा पाहिला, त्याच्या डोळ्यांत ओळख उमटली, आणि तो डुलत डुलत टेबलावरून चालत जाऊन काट्यावर चढला. चढून त्यानं चोच उघडली.

मग तो उतरला. पुन्हा चढला. पुन्हा चोच उघडली.

मग उतरला आणि तिसऱ्यांदा चढला.

"तीनदा का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

अप्पांची छाती फुगली. "नियम आहे तसा. मी शिकवलंय."

"वा. आणि चोच का उघडतो?"

सगळे अप्पांच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात, धन्याला न विचारता, खिशात जाऊन परत आला होता आणि त्याच्या चिमटीत अक्रोडाचा तुकडा होता. अप्पांनीही त्या हाताकडे पाहिलं. असले हात त्यांनी दुकानदारांच्या गल्ल्यामागे खूप पाहिले होते.

"अप्पा," मुलगा म्हणाला, "तुम्ही देताय?"

"हा खाऊ नाही."

"मग काय आहे?"

"खर्च."

"अप्पा, तुम्ही तोलता तरी किती वेळा?" सुनेनं विचारलं. वर्गातल्या सगळ्यात मागच्या बाकावरच्या मुलाशी ती याच आवाजात बोलत असावी.

"संशय आला की."

"आणि संशय कधी येतो?"

"वजन वाढलं की," अप्पा म्हणाले. आणि मग, वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर, त्यांनी ते स्वतःही ऐकलं.

"कुंपणानंच शेत खाल्लं," माई म्हणाल्या. "आणि आम्ही पंधरा दिवस कोरडा चहा पितोय."

डॉक्टरबाईंनी तुकडा अप्पांच्या चिमटीतून काढून घेतला. छटाकला त्यांनी अलगद आतल्या खोलीतल्या रुंद पिंजऱ्यात नेऊन ठेवलं. महिनाभर, ठरल्याप्रमाणे. छटाकनं एकदा वळून पाहिलं, कोणाकडे ते सांगायला नको, आणि काचेचं दार बंद झालं.

मुलगा पावशेरला घेऊन गाडीकडे गेला. सून औषधाच्या खिडकीशी उभी राहिली. माईंनी अप्पांच्या बाहीला हात लावला. "चला. उद्या सकाळी साबणाच्या व्यापाऱ्याचं मला सांगा. मी ऐकेन."

"तू मध्ये बोलतेस."

"नाही बोलणार."

अप्पांनी क्षणभर विचार केला. मग बाही सोडवून घेतली, कोटाचं वरचं बटण लावलं आणि ते काचेच्या दारासमोर ताठ उभे राहिले. डॉक्टरबाई आत हात धुत होत्या. अप्पांनी घसा साफ केला.

"महोदया," ते काचेला म्हणाले, "सदर पोपट आज पिसं, चोच व नखं यांच्यासह तोलण्यात आला आहे. पिसं, चोच व नखं हे वेष्टन होय. वेष्टनाचं वजन मालात धरणं नियमबाह्य आहे. सबब, सर्व वेष्टन वजा जाता निव्वळ पोपट किती भरतो ते पाहून, त्यास आजच कार्यालयीन वेळ संपण्यापूर्वी मूळ खांद्यावर रुजू होण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती."