धावड्याचा राजहंस आणि कचरूचं दूध

धावडा गावच्या कचरू दूधवाल्यानं तो पक्षी घरी आणला तो निव्वळ दयेपोटी. कोंबड्यांच्या टेम्पोतून पडून, पाय दुखावून तो सडकेच्या कडेला ओरडत बसला होता. पांढराशुभ्र, लांब मानेचा. कचरूनं त्याला दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये उभा केला आणि सायकलवरून घरी आणला. अख्ख्या रस्त्यानं कॅनमधून मान बाहेर काढून तो येणाऱ्या-जाणाऱ्यांना शिव्या देत होता.

"अवं, हे बदक हाय का उंट?" त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं विचारलं. तिची स्वतःची सहा बदकं होती, म्हणून तिला विचारायचा हक्क होता. तरी तिनं हळद-तेल लावून त्याच्या पायाला बांबूची कामटी बांधली, ज्वारीच्या कण्या भिजवून पुढं ठेवल्या. आठव्या दिवशी पाव्हणा चालू लागला. नवव्या दिवशी बदकांच्या पाण्याचं घमेलं त्याच्या मालकीचं झालं. दहाव्या दिवशी त्यानं पोस्टमनला वेशीपर्यंत पोचवलं, आणि मागून सहा बदकं ओळीनं गेली.

इथवर सगळं बरं होतं. पण शाळेचे नरहर गुरुजी ओसरीवर आले आणि पाहतच राहिले.

"अरे कचरू, हे बदक नव्हे, राजहंस आहे! पाणी घातलेलं दूध याच्यापुढं ठेव. दूध तेवढं पिईल, पाणी वाटीत ठेवील."

कचरूनं कॅनचं झाकण घट्ट लावलं. गावातली चाळीस घरं त्याचं दूध घेत, आणि ते दूध गोठ्यातून निघालं की गावात जाण्याआधी हापशावर जरा थांबत असे.

देशभर गणपतीच्या मूर्तींनी दूध प्यायल्याला जेमतेम आठवडा झाला होता. गावाला असल्या गोष्टींची चटक लागलेली. शेजारची तुळजाबाई म्हणाली, "कचरूभाऊ, सोमवारी तुमचंच दूध वाटीत घिऊन येते. बघू तुमचा हंस काय म्हन्तो!"

कचरूनं पाव्हण्याला पुन्हा कॅनमध्ये घातला आणि पिंपळगावच्या तळ्यावर सोडून आला. पण घरी सहाही बदकं कण्यांना तोंड लावीनात.

"दोन दिस झाले, अंडं न्हाई एक!" सगुणाबाई कडाडली. "जल्दी जा अन् त्याला आना. न्हाई तं तुमी बी तळ्यातच ऱ्हावा."

कचरू गेला, घेऊन आला. आणि सोमवारी, जन्मात पहिल्यांदा, त्यानं हापसा चुकवला. निव्वळ म्हशीचं दूध गावात गेलं.

ओसरीवर गाव जमला. तुळजाबाईनं वाटी ठेवली. हंसानं चोच बुडवली, मान झटकली, गुरुजींच्या धोतरावर शिंतोडे उडवले आणि तो घमेल्याकडं निघून गेला. वाटी भरलेली ती भरलेलीच.

गुरुजींनी वाटीत वाकून पाहिलं. "हंस पाणी तेवढं ठेवतो. त्यानं सगळंच ठेवलं. म्हणजे हे सगळं पाणीच!"

"गुरुजी, म्हशीची शप्पथ! आज एक थेंब न्हाई घातला!"

"आज?" तुळजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चाळीस घरांची दारं बंद. संध्याकाळी कचरू डोक्याला हात लावून बसला, तेव्हा सगुणाबाई कॅन विसळून ते पांढुरकं पाणी घमेल्यात ओतत होती. हंस अन् बदकं तुटून पडली.

"रोज हे धुवन पिऊन राह्यला तो," ती म्हणाली. "त्याला घट्ट दूध कसं जाईल?"

कचरू हळूच उठला.

पुढच्या सोमवारी पुन्हा परीक्षा झाली. हापशावर दूध या खेपेला बराच वेळ थांबलं होतं. हंसानं वाटी चाटूनपुसून रिकामी केली आणि वर आणखी मागितलं.

"थेंब उरला नाही!" गुरुजी गहिवरले. "शुद्ध दूध!"

चाळिसाची पंचेचाळीस घरं झाली. दर सोमवारी वाटी, दर सोमवारी पास. चहाला रंग येईना, दुधाला विरजण लागेना, तर बायका विरजणालाच नावं ठेवू लागल्या.

अखेर दिवाळीत कचरूचं मन त्याला खाऊ लागलं. सणाचं तरी गावाला बरं दूध द्यावं म्हणून त्यानं चार तांबे पाणी कमी घातलं. हंसानं वाटी पालथी केली.

"कचरूभाऊ," तुळजाबाई डोळे वटारून म्हणाली, "पुन्हा सुरू केलं व्हय?"

कचरूनं कॅन उचलला आणि तो हापशाकडं गेला.