गालिच्यातला गृहपाल

रात्रपाळी कशी करावी, हे साऱ्या नारीन शहरानं माझ्याकडून शिकावं! मी शार्शेन. कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत रात्रीचा गृहपाल. दिवसा मुलं शिक्षकांची, दिवे लागले की माझी. कुणाला ताप भरला, कुणाला आईची आठवण आली, कुणी उशीखाली कुरुतचे, म्हणजे सुकवलेल्या दह्याचे, खारट गोळे लपवले आणि ते दुसऱ्यानंच मटकावले, या सगळ्या खटल्यांचा काझी मीच! हातांची भाषा माझ्या अंगात इतकी मुरलीय की घरीसुद्धा मी हातांनीच बोलतो. बायको वैतागते. "अहो, मीठ हवं तर मीठ म्हणा की! माझ्या नाकासमोर बोटं काय नाचवता, माशा हाकलल्यासारखी?"

पण माझं खरं भांडवल म्हणजे माझे कान. मुलांना ऐकू येत नाही, त्यामुळे आपला आवाज होतोय हेही त्यांना कळत नाही. वरच्या मजल्यावर कुणी चॉकलेटचा कागद सोडला की खाली माझे कान टवकारलेच! "तुम्हाला कसं कळलं?" असं मुलं हातांनी विचारायची. मी मिशीला पीळ देऊन नुसतं आभाळाकडे बोट दाखवायचो. पोरं गार!

असं माझं राज्य सुखानं चाललं होतं. आणि कुमुशाय आली.

दक्षिणेकडच्या ओशची मुलगी. पंचविशीतली, सडसडीत, आणि स्वतः कर्णबधिर. आमच्या हेडबाई तुर्सुनाय एजे तिला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "शार्शेन बाइके, आता एक रात्र तुमची, एक रात्र हिची. थंडी संपेपर्यंत बघू. जमलं तर कायम करू."

एजे म्हणजे ताई आणि बाइके म्हणजे दादा; एवढा मान मिळाल्यावर मी मोठ्या मनानं हसलो. मनात म्हटलं, येऊ दे. आमच्या नारीनची थंडी दक्षिणेतल्या लोकांना सोसत नाही. चार रात्रींत रडत ओशची गाडी पकडेल.

कसची पकडते! आठवड्याच्या आत पोरं तिच्यामागे, मेंढीमागे कोकरं धावावीत तशी! निजण्याआधी ती हातांवर टॉर्चचा उजेड पाडून गोष्ट सांगायची. गोष्टी मीही सांगतो. पण माझे हात म्हणजे सरकारी अर्ज, आणि तिचे हात म्हणजे बाजारातल्या गप्पा! एकदा दाराच्या फटीतून पाहिलं. तिच्या बोटांमधून एक शिंगरू जन्माला आलं, उभं राहायला गेलं, पाय फाकून पडलं, पुन्हा उठलं, आपल्याच आईला लाथ मारून पुन्हा पडलं. पोरं हसून हसून खाटांवरून खाली! मलाही हसू आलं. मी ते रागानं दाबलं.

आणि सेझिम! सगळ्यांत धाकटी. पहिलं वर्षभर ती माझं बोट मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती. एकदा मी पाळीवर आलो तर माझ्या मागं डोकावून विचारते, "कुमुशाय कुठंय?"

"आज माझी पाळी," मी खूण केली.

तिनं असं तोंड केलं, जसं कुणी कालचं गार सूप पुढ्यात ठेवलंय!

मी घरी येऊन टोपी आपटली. बायको चहात दूध ओतत म्हणाली, "जळताय तुम्ही."

"मी? त्या कालच्या पोरीवर? मी?"

"हो, तुम्हीच. धूर इथपर्यंत येतोय."

त्यात पुढचा घाव बसला. आमच्याकडे मुलं प्रत्येकाला खुणेचं एक नाव ठेवतात. माझं नाव म्हणजे छातीवर तळहात ठेवून तो थरथरवायचा. सकाळी पाळी बदलताना कुमुशायनं कुतूहलानं विचारलं, "या नावाचा अर्थ काय?"

"दिलदार!" मी ऐटीत सांगितलं. "मोठ्या काळजाचा माणूस!"

ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली. डोळे पुसून तिनं सांगितलं, "बाइके, दिलदार नाही. घोरणारा! तुम्ही झोपलात की पोरं पैज लावून तुमच्या छातीवर हात ठेवून बघतात. म्हणतात, चालू ट्रकच्या बॉनेटवर हात ठेवल्यासारखं वाटतं!"

एवढी वर्षं मी ते नाव पाहुण्यांनासुद्धा अभिमानानं दाखवत होतो! आणि हिचं नाव माहितीय काय ठेवलं होतं पोरांनी? चंद्र! मला ट्रक आणि तिला चंद्र!

मी तडक हेडबाईंच्या खोलीत गेलो. चेहरा गंभीर केला. "तुर्सुनाय एजे, मुलगी गुणी आहे हो. पण मला काळजी वाटते. रात्री चोर शिरला, तर हिला ऐकू कसं येणार?"

हेडबाईंनी चष्मा काढला.  "हं. हा विचार केला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी कुमुशायचे डोळे सुजले होते. पण तिनं नेहमीसारखा नमस्कार केला आणि घरी भाजलेले खिम्याचे सामसे माझ्यापुढे ठेवले. मी एक खाल्ला. मग दुसरा खाल्ला. फार चांगले झाले होते! हे तर आणखीच वाईट!

आता नुसत्या शंकेवर भागणार नव्हतं, पुरावा हवा होता. मी बेत आखला. तिच्या पाळीच्या रात्री आपणच चोर होऊन शिरायचं. भोजनगृहातला चहाचं पाणी उकळायचा पितळी सामोवार उचलायचा आणि सकाळी हेडबाईंच्या दारात ठेवून म्हणायचं, बघा! उद्या पोरं उचलून नेली तरी हिला पत्ता लागायचा नाही!

मी वडिलांचा मेंढीच्या कातड्याचा कोट चढवला, कानटोपी भुवयांपर्यंत ओढली, तोंडाला मफलर गुंडाळला, पायांत खिळे मारलेले शिकारी बूट.

"कुठं निघालात?" बायको.

"पत्ते खेळायला."

"पत्ते खेळायला की लांडगे मारायला?"

मी सटकलो. मागच्या दाराची किल्ली माझ्याकडे होतीच. आत शिरलो आणि जी मजा वाटली म्हणता! जगात इतका निवांत चोर झाला नसेल! चवड्यांवर चालायला नको, श्वास रोखायला नको. मी दाणदाण बूट आपटत भोजनगृहात गेलो. एक बाक आडवा आला, त्याला लाथ घातली. सामोवार उचलताना त्याचं झाकण निसटलं आणि ठणठणत, गिरक्या घेत पार जिन्यापर्यंत गेलं. बाहेर कुत्री भुंकायला लागली. आत? सामसूम! मी हसलो. मोठ्यानं! वर एक गाणंसुद्धा गुणगुणलो.

विसरलो ते एवढंच की वसतिगृहाची जमीन फळ्यांची आहे. फळ्यांना कान नसतात, पण फळ्यांवर राहणाऱ्या माणसांना तळपाय असतात! माझ्या एकेका पावलानं वर खाटा हलत होत्या.

अचानक दिवे लागले. विझले. लागले. विझले. साऱ्या इमारतीचे! जिन्याच्या तोंडाशी कुमुशाय उभी होती. अनवाणी, एक हात दिव्यांच्या मुख्य बटणावर. आमच्याकडे याचा अर्थ एकच, सगळे उठा!

दारं उघडली. पायजम्यातली फौज बाहेर पडली. मी घाईनं हात वर करून सांगायला गेलो की अरे, मी आहे मी! पण हातांत सामोवार! तो खाली ठेवला तर नेमका माझ्याच पायावर! मी विव्हळत वाकलो, तेवढ्यात मोठ्या पोरांनी आमच्याकडच्या कुस्तीत धरतात तसा माझा पट्टा धरला. पुढं काय सांगू! उलाकच्या खेळात घोडेस्वार बकऱ्याची ओढाताण करतात ना, तो बकरा बरा! एकानं डावा पाय नेला, दुसऱ्यानं उजवा. मला दिवाणखान्यातल्या जाड लोकरीच्या गालिच्यावर आडवं पाडलं, कणकेत खिमा गुंडाळावा तसं गुंडाळलं, आणि वर सगळे चढून बसले.

"अरे, मी शार्शेन!" मी आतून ओरडलो. "उठा! शार्शेन बाइके आहे मी!"

माझी हाक ऐकू येईल असा त्या इमारतीत एकच माणूस होता. तो म्हणजे मी!

हात अंगाशी जखडलेले, खूण कशानं करणार? तोंड गालिच्यात, ओठ कोण वाचणार? बाहेर राहिले होते फक्त बूट. मी ते हलवून काही सुचवायला गेलो, तर पोरांनी बूटच काढून नेले! चोर अनवाणी बर्फात पळत नाही म्हणे. हे त्यांना कुणी शिकवलं होतं? मीच!

एवढ्यावर भागलं असतं तर नशीब. दिवे लागताहेत, विझताहेत हे पलीकडच्या गल्लीतून दिसलं. कुणीतरी आग लागली म्हणून बंबवाल्यांना फोन केला. घंटा बडवत बंब आला! पायांचा धडधडाट झाला आणि एक ओळखीचा आवाज कानावर पडला. माझा मेहुणा कालिस! बंबावर नोकरी करतो. साऱ्या शहरात नेमकी त्याचीच त्या रात्री पाळी!

"साहेब, आग नाहीये," कालिस ओरडला. "पण गालिचा बोलतोय!"

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, मी शार्शेन."

"कोण शार्शेन?"

"आमचे जेज्दे, बहिणीचे यजमान. पण ते तर पत्ते खेळायला गेलेत. आत्ताच ताईचा फोन होता, कुठं सापडले तर घरी पाठव म्हणाली."

"कालिस!" मी किंचाळलो. "गाढवा, उलगड मला!"

"हां, जेज्देच आहेत," कालिस म्हणाला. "शिवी ओळखीची आहे!"

मला उलगडलं. मी तीन गिरक्या खाऊन भिंतीला धडकलो. कानटोपी गेलेली, मफलर गळ्यात, मोजा एकच. वसतिगृहभर शांतता पसरली. आमच्याकडे शांतता म्हणजे काय, तर सगळे हात एकदम थांबतात. मग सेझिम पुढं आली. माझ्या पोटावर बसलेली तीच होती! तिनं माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या पोटाकडे, आणि म्हणाली, "मला वाटलंच! बसायला ओळखीचं वाटत होतं!"

बंबवाले हसत परत गेले, पण हेडबाईंना निरोप गेला होता. त्या पोचायच्या आत कुमुशायनं मला स्वयंपाकघरात नेलं, खुर्चीवर बसवलं, माझ्या सुजलेल्या पायावर बर्फ ठेवला. मग समोर उभी राहिली.

"कशाला आलात?"

खोटं बोलायला मला तोंडानं जमतं. हातांनी अजून जमलेलं नाही. मी छातीवर बोट ठेवलं आणि तिथून वर जाणाऱ्या ज्वाळा दाखवल्या. जळत होतो.

"हेडबाईंना चोराचं तुम्हीच सांगितलंत?"

मी मान हलवली.

 तिचे हात सावकाश बोलले. "बाइके, पाळीच्या रात्री मी डोळा मिटत नाही. अनवाणी फिरते, प्रत्येक दाराला हात लावून बघते. भीती वाटते. तुमच्या हातून चूक झाली, तर लोक म्हणतील, डुलकी लागली असेल. माझ्या हातून झाली, तर म्हणतील, बहिरीच होती."

 मी वितळणारा बर्फ पायावर दाबून धरला.

तेवढ्यात हेडबाई आल्या. रात्रीच्या झग्यावर फरचा कोट, केस मोकळे, डोळे असे की नारीन नदी जागच्या जागी गोठावी. "हा काय प्रकार आहे?"

मी मान खाली घातली. नोकरी गेली, इज्जत गेली, बायकोपुढं तर आयुष्य गेलं! पण माझ्या आधी कुमुशायचे हात उठले. "सराव होता, एजे. चोर आला तर काय करायचं, याचा."

"सराव? मला न सांगता?"

"सांगून केला तर तो सराव कसला?"

हेडबाईंनी जिन्याकडे पाहिलं. पोरं रांगेनं उभी, मोठ्यांनी धाकट्यांचे हात धरलेले. गालिचा पुन्हा जागेवर, सामोवार जागेवर, झाकणसुद्धा! त्यांचा चेहरा हळूहळू निवळला. "कल्पना कुणाची?"

कुमुशायनं माझ्याकडे बोट दाखवलं!

"शाब्बास, शार्शेन बाइके," हेडबाई म्हणाल्या. "या वयात एवढी तळमळ!" आणि तिथल्या तिथं त्यांनी कुमुशायला सांगून टाकलं की थंडी संपायची वाट बघायची गरज नाही, तू कायम. पोरांनी दोन्ही हात वर करून हवेत थरथरवले. आमच्याकडे टाळ्या अशा वाजतात. मीही थरथरवले. मनापासून, खरंच! पण आत काय चाललं होतं म्हणून सांगू? पकडलंही तिनं, सोडवलंही तिनं, आणि वर मोठं मनही तिचंच! माणसानं जळावं तरी किती आघाड्यांवर?

हेडबाईंना सराव इतका आवडला की त्यांनी तो दर महिन्याला ठेवला. चोर अर्थातच मी! आणि खरं सांगू? मला ते आवडायला लागलं. पोरं आठ दिवस आधीपासून विचारायची, या वेळी कुठून शिरणार? पोटावर कोण बसणार यावरून भांडणं व्हायची. मी नवनवे डाव शोधायचो, एकदा तर कोळशाच्या पोत्यात बसून आलो!

मागच्या महिन्यात माझी कंबर धरली. कुमुशाय म्हणाली, "या वेळी तुम्ही आराम करा," आणि चोर म्हणून तिनं शाळेच्या शेगड्या पेटवणाऱ्या दूरोनबेकला उभं केलं. मी कमरेला लोकरीची पट्टी बांधून बाकावर बसून बघत होतो. तो खिडकीतून उडी मारून काय आला, पडद्यामागं लपला काय, गालिच्यात गुंडाळल्यावर गळा काढून रडला काय! पोरांचे हात हवेतून खालीच येईनात. सेझिम धावत माझ्याकडे आली, डोळे नुसते चमकत होते.

"हा चोर तुमच्यापेक्षा छान आहे!"

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही हो. नाटकी मेला! आता तुम्हीच सांगा, खरा चोर कधी असा रडतो का? आणि या धंद्यातला अनुभव कुणाचा जास्त?