दाजींची उसनवारी

आमचे दाजी रोज सकाळी काहीतरी उसनं मागायला बाहेर पडतात. त्या वस्तूची त्यांना गरज नसते. सोमवारी शिडी, मंगळवारी खलबत्ता, बुधवारी कुणाची तरी छत्री, तीही कडक उन्हात. मागतानाच मुदत सांगतात, "चार वाजेपर्यंत द्या." आणि तीनलाच वस्तू पुसूनबिसून परत.

एकदा होळीच्या आदल्या दिवशी त्यांनी शेजारच्या कांताकाकूंचं पुरणयंत्र आणलं. तासाभरात परत घेऊन गेले.

"काकू, वेळेच्या आत आलं ना?"

"आलं की."

"मंग तसं म्हणा."

"आता म्हणले ना भाऊ."

"तसं न्हाई. चार माणसांत म्हणा."

काकूंनी ओट्यावर बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ह्यांनी यंत्र वेळेच्या आत दिलं बरं का. पुरण केलं का न्हाई ते मात्र मला ठावं न्हाई." दाजी समाधानानं घरी आले.

या प्रकाराला कारण मी आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं जालन्यातलं घर बँकेनं जप्त करून लिलावात विकलं, तेव्हा ते आणि ताई मंठ्याला आमच्या गल्लीत भाड्यानं राहायला आले. मी इथल्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. गेलेली पत पुन्हा कशी उभी करायची, हे मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं शिकवलं. छोटं कर्ज घ्यायचं, वेळेच्या आत फेडायचं, असं करत राहिलं की बँका पत मोजतात तो स्कोर वाढतो. कागदावर वर जाणारी रेघसुद्धा काढून दाखवली.

दाजींनी रेघ नीट बघितली. "म्हंजे सवय दाखवायची."

"बरोबर."

"मंग बँकेच्या आधी गल्लीत दाखवतो. बँकेचा माणूस उद्या इथं इचारायला आला तर?"

बँकेचा माणूस असा गल्लीत विचारत फिरत नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "जप्तीला आल्ता तवा तर घर बराबर सापडलं त्याला."

मी रेघेचा कागद घडी करून कॉमर्सच्या पुस्तकात ठेवला.

घर कसं गेलं, तेही सांगतो. दाजींचा टेम्पो होता, कारखान्यातल्या सळया वाहायचा. शहागडजवळ अपघात झाला, दाजी वाचले, टेम्पो गेला. घराच्या कर्जाचे हप्ते थकले. दाजींचा स्वभाव असा, की भेटून सांगितलं तर माणूस समजून घेतो. म्हणून हप्त्याच्या तारखेला ते पिशवीभर मोसंबी घेऊन मॅनेजरला भेटायला जायचे. मॅनेजर भला माणूस, समजून घ्यायचा. नोटिसा वरून यायच्या, आणि वर मोसंबी पोचत नव्हती. मग मी मदतीला धावलो. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनम्र निवेदन' असा चार पानी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम लेखन. त्याला उत्तर म्हणून दाराला सील लागलं.

त्या कर्जाला जामीनदार मीच होतो. आमच्या घरात शिकलेला पहिला माणूस मी. वडील अंगठा लावायचे. बँकेतला साहेब मला म्हणाला, "सर, इथं सही करा," आणि कुणीतरी आपली सही मागतंय याचंच मला इतकं कौतुक वाटलं, की खाली दोन रेघा आणि दोन ठिपके देऊन मी ती केली. वर काय छापलंय ते वाचायचं राहिलं. परीक्षेत मुलांनी प्रश्न न वाचता उत्तर लिहिलं की मी गुण कापतो.

कर्ज बुडालं तसं माझंही नाव खराब झालं. मला ते कळलं दुकानात, हप्त्यावर फ्रीज घेताना. विकणारा पोरगा माझाच विद्यार्थी. स्क्रीनकडे बघत हळूच म्हणाला, "सर, तुमचं नाव चालंना." पत म्हणजे काय, हा धडा मी त्याला दोनदा शिकवला होता. तो पहिल्यांदा नापास झाला होता.

लिलावानंतर उरलेली बाकी दाजींनी दुसऱ्याचा टेम्पो चालवून फेडली. मग माझ्या सांगण्यावरून हप्त्यावर मिक्सर घेतला. ताई म्हणाली, "सुभाष, तुझ्या नादानं ह्यांनी मिक्सर आणला. हात लावू देत न्हाईत. म्हणतात, फिटल्याबिगर आपला न्हाई." हप्ता खात्यातून आपोआप जातो, हे सांगूनही दाजी त्या तारखेला बँकेत जाऊन बसायचे. "आपोआप तर घरबी गेलं, पाव्हणं."

अशी काही वर्षं गेली. दाजींचा स्कोर खरंच चढला, आणि बाकी फिटल्यामुळे माझंही नाव सुधारलं. बँकेचा माणूस गल्लीत आला नाही, पण आला असता तर कांताकाकूंनी त्याला घरात घेऊन सांगितलं असतं.

गेल्या महिन्यात आम्ही घराच्या नव्या कर्जासाठी इथल्या बँकेत गेलो. गावाबाहेर दाजींनी एक लहानसा प्लॉट बघितला होता. ताईला दोन खोल्या आणि वेगळं स्वयंपाकघर हवं होतं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मॅनेजर मॅडमनी कागद बघितले. "स्कोर छान झालाय काका. जामीनदार आणलाय?"

मी पेन काढलं. टोपणसुद्धा उघडलं.

दाजींनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे आमचे पाव्हणे हायेत मॅडम. सोबतीला आल्ते. सही न्हाई करायची त्यांनी."

"मग रक्कम कमी होईल काका. एका खोलीपुरतीच बसेल."

"एका खोलीचीच द्या."

मी कानाशी लागलो, "दाजी, ताईचं स्वयंपाकघर..."

"तिला इचारून आलो मी."

बाहेर पायऱ्यांवर मी चिडलो. इतकी वर्षं लोकांच्या शिड्या वाहिल्या, लोक हसले, ते एका खोलीसाठी का? या वेळी मी प्रत्येक ओळ वाचून सही केली असती.

दाजींनी चपला घातल्या. मग म्हणाले, "सील लावलं त्या दिवशी म्या घराकडं बघितलंच न्हाई. तुम्ही त्या बँकेच्या माणसापुढं हात जोडून उभे होते. मास्तर माणूस. तुम्ही शिकत होता तवा तुम्हाला टेम्पोत बसवून कॉलेजला नेत होतो, ते काय असं हात जोडाया?"

मी पेनाला टोपण लावलं. दाजी म्हणाले, "चला जल्दी, तुमचा तास असंल." माझ्या हातातली फाइल त्यांनी काखेत मारली. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर चालले होते. दाजी वाहनांच्या बाजूला झाले आणि शाळकरी पोराला घेतात तसं माझं मनगट धरून मला आतल्या बाजूला घेतलं.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. हात सोडवला नाही.