शेवटचा रकाना

ज्या वर्षी कटिंगवाल्याच्या मुलीला जुळं झालं, त्याच वर्षी राज्याचा अर्थसंकल्प पहिल्यांदा पूर्णच्या पूर्ण सभागृहात पोचला. जुळं होणार हे डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं. अर्थसंकल्पाचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

कटिंगवाला सरकारी छापखान्यात होता. पुस्तकांच्या कडा मशीनवर सारख्या करायच्या, हे त्याचं काम. पेन्शनला चार महिने उरले होते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात प्रत्येक पानावर पाच रकाने छापत: काम, गाव, खर्च, मुदत आणि शेवटचा ‘कोणासाठी व का’. हा शेवटचा रकाना मंत्र्यांना लागे. आपला कोण, परका कोण, रुसलेला कोण, ते त्यावरून कळे. म्हणून सात पुस्तकं तशीच मंत्र्यांकडे जात आणि बाकीच्यांची बाहेरची कड कटिंगवाला दीड इंच जास्त कापी. सरकारी पुस्तक असल्यामुळे पानाच्या एकाच बाजूला छपाई असे, त्यामुळे एका घावात सगळे ‘का’ टोपलीत पडत. बावीस वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

गुरुवारी सकाळी दवाखान्यातून निरोप आला. चपला घालता घालता कटिंगवाल्याने मशीन मेहुण्याच्या स्वाधीन केलं. मेहुणा त्याच छापखान्यात बाइंडर होता.

“बाहेरची कड दीड इंच जास्त काढा. सात पुस्तकं सोडून.”

“दाजी, तुम्ही निघा. ताई एकटी आहे तिकडे.”

“दीड इंच.”

“ऐकलं हो. मला कापू नका आता.”

मेहुणा चाळिशीत अक्षरं शिकला होता, त्यामुळे अक्षराला फार जपायचा. धंद्यात त्याला एकच पाप ठाऊक होतं, ते म्हणजे छापलेल्यावर पातं चालवणं. त्याने पट्टी लावून पाहिलं, तर दीड इंचात अख्खा रकाना जात होता. रकान्यात काय आहे हे वाचत बसायला वेळ नव्हता; अक्षर आहे, एवढं त्याला पुरेसं होतं. दाजी आजोबा होताहेत, डोकं ठिकाणावर नसणार, असं म्हणून त्याने मोठ्या मनाने ती चूक दुरुस्त केली. कड नुसती सारखी केली.

संध्याकाळी दवाखान्यात जाऊन त्याने बहिणीला सांगितलं, “दाजींची अब्रू वाचवली आज.”

“दोन्ही मुली आहेत. आधी ते विचार,” बहीण म्हणाली.

शुक्रवारी दुपारी पुस्तकं सभागृहात वाटली गेली. एरवी सदस्य पुस्तक न उघडता पिशवीत टाकत. या वेळी ते रुंद झालं होतं, पिशवीत जाईना. मागच्या बाकावरच्या एकाने दुमडून बसवावं म्हणून ते उघडलं, नजर गेली, आणि त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. पाच मिनिटांत विरोधी पक्षनेता उभा राहिला.

“अध्यक्ष महाराज, पान एकेचाळीस. पूल. गावात नदी नाही. कोणासाठी, तर अर्थमंत्र्यांचे व्याही. का, तर मुलीला सासरी बोलणी बसतात.”

अर्थमंत्री पाणी प्यायले. त्यांच्या बाजूचा एक जण तोवर पान उलटून बसला होता.

“थांबलात का? पुढचं पानही वाचा की. बेचाळीस. तलावाची डागडुजी. कोणासाठी, तर विरोधी पक्षनेते. का, तर सभात्याग चहाच्या आत उरकतात.”

विरोधी पक्षनेता खाली बसला. मग ज्याने त्याने आपापलं गाव शोधायला सुरुवात केली. सत्ताधारी बाजूचा एक म्हातारा सदस्य पुस्तक डोळ्यांपाशी धरून उठला.

“माझ्या दवाखान्यापुढे ‘नाही’ लिहिलंय. का, तर म्हणे बाक हळू वाजवतो. अहो, मनगट दुखतं माझं. म्हणून तर दवाखाना मागतोय.”

संध्याकाळी सहापर्यंत सभागृह अर्थसंकल्प वाचत होतं. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं: ज्याने रकाना ठेवला, त्याला घरी बसवायचं. पेन्शनही बंद करायचं.

बातमी कटिंगवाल्याच्या घरी पोचली तेव्हा मेहुणा कोपऱ्यात मान घालून बसला होता.

“मी जाऊन सांगतो, हात माझा होता.”

“आणि तुमच्या नोकरीची सहा वर्षं राहिलीत, त्यांचं काय?” कटिंगवाला म्हणाला. “मशीन माझ्या नावावर आहे. बोलायचं ते मी बोलेन.”

“माझ्या भावाला टाकून बोलू नका,” आतून बायको म्हणाली.

“अगं, मी त्याला वाचवतोय.”

“सूर तसा नव्हता.”

सोमवारी चौकशी समिती बसली. दोन्ही पक्षांचे दोन-दोन सदस्य, मधे अर्थखात्याचे सचिव आणि कडेला टाइप करणाऱ्या बाई.

“बावीस वर्षं कापत होतास, मग याच वर्षी काय झालं?” सचिवांनी विचारलं.

“साहेब, कापायचा कागद दाखवा. मी लगेच चूक कबूल करतो.”

“कागद कसला? तोंडी हुकूम होता.”

“हो. तुमच्याच तोंडचा. तेव्हा तुम्ही नवीन होता.”

सचिवांनी चष्मा पुसला. “ते सोडा. बाई, आरोप लिहून घ्या. ‘पुस्तकाचा छापलेला भाग न कापल्याबद्दल...’”

बाईंनी टाइप केलं आणि वाचून दाखवलं. चौघे सदस्य एकमेकांकडे पाहू लागले.

“हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, मग दर वर्षी तो काय कापायचा?” एक म्हणाला.

“‘गोपनीय मजकूर उघड केल्याबद्दल’ लिहा,” दुसरा म्हणाला.

“मग गोपनीय का होता ते लिहावं लागेल,” बाई म्हणाल्या. “खाली जागा आहे, लिहू?”

“तुम्हाला कुणी विचारलं?”

“मला नाही विचारलं. पण फॉर्ममध्ये विचारलंय.”

दुपारपर्यंत अकरा कागद फाडले गेले. प्रत्येक वाक्यात कटिंगवाला अडके आणि त्याच्या मागोमाग समितीही अडके. कटिंगवाला स्टुलावर शांत बसून होता. शेवटी सगळे दमले, तेव्हा बाईंनीच एक वाक्य सुचवलं. त्यात कुणीच अडकत नव्हतं, म्हणून पाचही जणांनी सह्या केल्या: ‘अर्थसंकल्पाची प्रत सभागृहास संपूर्ण स्वरूपात दिल्याबद्दल सदर कर्मचाऱ्याचे अभिनंदन. यापुढेही प्रत अशीच द्यावी.’

आता लेखी हुकूम होता. पुढच्या वर्षी रकाना छापून सगळ्यांसमोर ठेवणं भाग पडलं. ‘का’ या प्रश्नाला चारचौघांत सांगता येईल असं उत्तर लागे, आणि ते न सापडल्यामुळे व्याह्यांचा पूल गळाला, तलाव गळाला, आणखी बरंच काही गळालं. पुस्तक निम्मं झालं. म्हाताऱ्या सदस्याचा दवाखाना मात्र आत आला, कारण त्या गावापासून सर्वांत जवळचा डॉक्टर पस्तीस मैलांवर होता आणि ते सरळ लिहिता येत होतं. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी बाक वाजवले.

कटिंगवाल्याला पेन्शन पूर्ण मिळालं. ते त्याने नऊ वर्षं घेतलं. दहाव्या वर्षी, मार्चच्या चार तारखेला, बुधवारी दुपारी जेवण झाल्यावर तो वारला.