दारातलं बोलणं, आवृत्ती ४.२

आवृत्ती ४.२ मध्ये आमच्या कॉलनीतून दारात उभं राहून बोलण्याची सोय काढून टाकण्यात आली. तशी सूचना मंगळवारी सकाळी पाण्याच्या टाकीवर चिकटवलेली होती.

आमची कॉलनी बीटामध्ये आहे. म्हणजे नवीन गोष्टी आधी आमच्याकडे करून बघतात आणि जमल्या तर मग बाकीच्या गावाला देतात. आम्हाला त्याची सवय आहे. ३.८ मध्ये शेजारच्या फोडणीचा वास येणं बंद झालं होतं, ते तक्रारी आल्यावर परत सुरू केलं. ४.० पासून दुपारी दोन ते तीन कुणाचीच सावली पडत नाही. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, म्हणून ती अजूनही पडत नाही.

दारातल्या बोलण्याचं असं झालं. पाहुणा उठून "येतो" किंवा "येते" म्हणाला, की त्याच क्षणी तो कॉलनीच्या फाटकाबाहेर उभा असायचा. पायात चपला असायच्या, त्याही ज्याच्या त्याच्या आणि बरोबर पायात. छत्री, पिशवी, परत द्यायचा डबा, सगळं हातात असायचं. वस्तू हरवल्याची एकही नोंद नाही. फक्त मधला भाग गेला होता. एक चप्पल घालून, दुसरी पायानेच चाचपत, चौकटीला हात लावून "अगं हो, सांगायचं राहिलंच" म्हणण्याचा.

कॉलनीच्या ऑफिसात अभिप्रायांची वही असते. माझं अक्षर बरं आहे म्हणून सेक्रेटरी तेजाळे काकू मला त्यांची शुद्ध प्रत करायला बसवतात. त्या आठवड्यात मी एकशे सहा अभिप्राय उतरवले. घोलप काकांनी पाचपैकी पाच तारे दिले होते आणि आता जेवण वेळेवर होतं असं लिहिलं होतं. त्यांच्याच घरातून काकूंनी एक तारा दिला होता आणि कारण लिहिलं नव्हतं. एकाने लिहिलं होतं, "ही सोय मी कधी वापरली नाही, पण ती असायला हवी." तीन जणांनी जुन्या आवृत्तीत परत कसं जायचं ते विचारलं होतं. एका बाईंनी जिन्यातल्या दिव्याबद्दल लिहिलं होतं, त्या दर वेळी तेच लिहितात. दातार काकांकडे त्यांचे साडू आले होते. ते "येतो" म्हणायला घाबरत असल्यामुळे बुधवारपासून तिथेच होते आणि त्यांनी दातार काकांच्या पेनने दातार काकांच्या नावाखाली अभिप्राय लिहिला होता.

आमच्याकडे दर गुरुवारी विदुला मावशी येते. ती आईची धाकटी बहीण, वाचनालयात काम करते, एकटी राहते. तिला आईला एक गोष्ट सांगायची होती. ती तिने मला आधी सांगितली, कारण मी कुणाला सांगत नाही. बाजारात घड्याळं दुरुस्त करणारे रेगे म्हणून एक गृहस्थ आहेत. त्यांनी मावशीला लग्नाचं विचारलं होतं. ते दुकान गोव्याला हलवणार होते आणि त्यांना महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. मावशीचं मन हो म्हणत होतं, पण ताईला सांगितल्याशिवाय ती हो म्हणणार नव्हती. आणि ताईला सांगणं अवघड होतं, कारण ताईने एकेकाळी तिला चौदा स्थळं आणली होती आणि तिने चौदाही नाकारली होती.

पहिल्या गुरुवारी तिने नेहमीसारखं केलं. चहा घेतला, गुडघ्यांबद्दल बोलली, आईचं दही अलीकडे नीट का लागत नाही यावर दोघींचं बरंच बोलणं झालं. मग ती उठली, "येते हं ताई" म्हणाली आणि गेली. मी खिडकीतून पाहिलं. ती फाटकाबाहेर उभी होती आणि तोंड अर्धवट उघडं होतं.

दुसऱ्या गुरुवारी तिने बसल्या बसल्या सांगायचं ठरवलं. मी समोर अभ्यास करत होते. तिने तीनदा सुरुवात केली. पहिल्यांदा त्यातून लोणच्याची चौकशी निघाली, दुसऱ्यांदाही लोणच्याचीच. तिसऱ्यांदा ती बाहेर जाऊन चपला घालून आली आणि परत सोफ्यावर बसली. आई म्हणाली, "विदू, चपला काढ आधी, आत्ता फरशी पुसलीय." मावशीने चपला काढल्या. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

शनिवारी चाचणी विभागाचे खांडबहाले साहेब सभा घ्यायला आले. आमच्या घरून मीच गेले, कारण त्या वेळी आईचा शिवणाचा क्लास असतो आणि बाबा ऑफिसात असतात. साहेब शांत स्वभावाचे होते. त्यांनी सांगितलं की मोजणीनुसार दारातलं ब्याऐंशी टक्के बोलणं आधी आत होऊन गेलेलं असतं. तरीही सोय परत हवी असेल तर फॉर्म भरावा लागेल आणि त्यात प्रत्यक्ष उपयोगाचं एक तरी उदाहरण द्यावं लागेल.

सभागृहात शंभरेक माणसं होती. कुणी उदाहरण दिलं नाही. प्रत्येकाला आपापलं आठवत होतं हे तोंडांवरून दिसत होतं, पण दारात सांगितलेलं सभेत कसं सांगणार? मी वहीचं एक पान फाडून त्यावर लिहिलं आणि तेजाळे काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते पुढे दिलं. साहेबांनी मोठ्याने वाचलं, "एका बाईंना आपल्या थोरल्या बहिणीला एक गोष्ट सांगायची आहे. ती बसून सांगता येत नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "बसून का सांगता येत नाही?"

दातार काका म्हणाले, "साहेब, बसून सांगितलं की समोरचं माणूस विचारत बसतं."

"उभ्याने सांगितलं तरी विचारतंच की," घोलप काका म्हणाले.

"हो, पण तेव्हा आपली एक चप्पल घातलेली असते."

साहेबांनी हे लिहून घेतलं. कुणाची गोष्ट आहे असं त्यांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. वरिष्ठांना कळवतो म्हणाले, फाईल बांधली, उठले आणि म्हणाले, "येतो." तेवढ्यात त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं, भुवया वर गेल्या, बोट वर झालं, आणि ते फाटकाबाहेर गेले.

पाच मिनिटांनी ते चालत परत आले आणि खुर्चीवर बसले. काय सांगायचं होतं ते त्यांना आठवेना. पाणी प्यायले, तरी आठवेना. शेवटी जाऊ दे म्हणून उठले, "येतो" म्हणाले, आणि पुन्हा भुवया वर गेल्या. असं चार वेळा झालं. आठवायचं ते दारातच आठवत होतं आणि आता वाटेत दार लागतच नव्हतं. चौथ्या वेळी ते परत आले नाहीत. फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसून त्यांनी फाईल उघडली आणि बराच वेळ काहीतरी लिहिलं.

रविवारी आवृत्ती ४.३ आली. दारातलं बोलणं मर्यादित स्वरूपात परत देण्यात आलं होतं. दर घराला आठवड्याला अकरा मिनिटं. उरलेली मिनिटं दारावर, तोरणाच्या जरा वर, दिसत. कॉलनीत आनंद झाला. वहीत मात्र फक्त चार अभिप्राय आले, त्यातला एक जिन्यातल्या दिव्याबद्दल होता. दातार काकांचे साडू त्याच दिवशी निघाले. त्यांना निरोप देण्यात दातारांची अकराही मिनिटं गेली.

आमच्या दारावरचा आकडा मी रोज शाळेतून आल्यावर बघत होते. मंगळवारी तो अकराचा दोन झाला होता. बाबांनी घोलप काकांशी टाकीच्या व्हॉल्व्हबद्दल नऊ मिनिटं बोलून घेतलं होतं. जेवताना मी बाबांकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी विचारलं की भाजीत काही पडलंय का.

त्या आठवड्यातला गुरुवार महिन्यातला शेवटचा होता. मावशी आली, चहा झाला, गुडघे झाले, दही झालं. दह्याचं यावेळी लवकर उरकलं. ती उठली आणि दारात गेली. आई चौकटीला टेकून उभी राहिली. मी पाण्याचा तांब्या भरून आणायच्या निमित्ताने पॅसेजमध्ये थांबले. मावशीने वरचा आकडा पाहिला. तिने उजवी चप्पल घातली आणि डावी पायाने शोधायला लागली. ती समोरच होती.

"अगं ताई, सांगायचं राहिलंच," ती म्हणाली, आणि रेग्यांचं, गोव्याचं, शनिवारचं सगळं एका श्वासात सांगून टाकलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही.

आकडा दोनचा एक झाला. आई मावशीच्या पायाकडे बघत होती. ती चौदा स्थळं मोजत असावी असं मला वाटलं, कारण तिचे ओठ जरा हलत होते. मावशीने डावी चप्पल घातली, मग काढली. मला तांब्या जड व्हायला लागला. एक मिनिट किती मोठं असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं, आणि ते किती पटकन संपतं हेही.

मग आईने मान वर केली. "विदू," ती म्हणाली, "ते चहा घेतात की कॉफी?"

मावशीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. वरचा आकडा शून्य झाला आणि दारात आई एकटीच उरली.

मी खिडकीकडे गेले. मावशी फाटकाबाहेर उभी होती, दोन्ही चपला पायात, पिशवी खांद्याला. ती आमच्या घराकडे बघून हसत होती आणि एका हाताने डोळे पुसत होती. मग तिने घड्याळात पाहिलं आणि बाजाराच्या दिशेने चालायला लागली. वाचनालय दुसऱ्या बाजूला आहे.

आई अजून दारातच होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांगितलंच नाही तिने."

"कॉफी," मी म्हणाले. "बिनसाखरेची."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग तांब्या माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "वाण्याच्या यादीत कॉफी लिही. लहान पुडा नको."