डी. के. वर्ल्ड टूर्स, भटवाडी

"आपण लेटरहेड छापू या," असं मी बोललो आणि तिथून वाट लागली.

साल त्र्याऐंशी. घाटकोपरला भटवाडीत, टेकडीवर आमची दहा बाय बाराची खोली. मी सातवी नापास, नंदकुमारशेठच्या छापखान्यात खिळे जुळवायला. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं, आणि ती असतात उलटी. त्यामुळे उलटं वाचण्यात माझा हात कोणी धरायचा नाही. सुलटं वाचायला दिलंत तर जरा घाम फुटतो. बायको रत्नप्रभा मात्र मॅट्रिक पास. (हे ती दिवसातून एकदा सांगते. आजचं सांगून झालंय.)

तिला बघायला गेलो होतो तेव्हा तिच्या मामांनी विचारलं होतं, "मुलगी सुखात राहील ना?" मी बोललो, "सुखात काय, जग दाखवीन तिला!" मला तेव्हा दुसऱ्यांदा शिरा हवा होता, माणूस काहीही बोलतो. पण दाराआड उभ्या असलेल्या रत्नानं ते वाक्य ऐकलं आणि पदराला गाठ मारून ठेवलं. लग्नानंतर मी तिला जे जग दाखवलं ते सांताक्रूझला विमानतळाच्या कुंपणाबाहेर उभं राहून. विमान सुटलं की ती हात हलवायची. मी विचारायचो, "कोण गं ओळखीचं?" ती म्हणायची, "सवय असलेली बरी."

मग तिनंच शोध लावला. परदेशी टुरिस्ट ऑफिसांना पत्र टाकलं की ते फुकट रंगीत पुस्तकं पाठवतात. दर रविवारी आमची एक सहल. चटईवर पुस्तक उघडायचं, रत्ना इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, मी चित्रं बघत फिरायचो. जेवण त्या त्या देशाचं. जपानला सुकट-भात, इटलीला शेवया. बर्फाच्या देशाला जायचं असलं की शेजारचे काशीरामभाऊ आपला कोट द्यायचे. ते बर्फाच्या कारखान्यात कामाला, कोट चांगला गोधडीएवढा जाड. भर मे महिन्यात तो कोट घालून आम्ही दोघं आळीपाळीनं आल्प्स चढलो आहोत. घामोळं आलं ते जुलैपर्यंत टिकलं.

पण साध्या पोस्टकार्डाला उत्तरं यायची ती एका पानाची. जाड पुस्तकं हवी असतील तर कंपनी हवी. म्हणून लेटरहेड.

लग्नाचा सीझन होता. सीझनमध्ये आमच्याकडे पत्रिकेची चौकट मशीनवरून उतरतच नसे. वर गणपती, खाली शेवटची ओळ, दोन्ही कायमचं बांधलेलं. मधले नवरा-नवरी तेवढे बदलायचे. शेठ जेवायला गेले तेव्हा मी मधलं लग्न काढलं आणि इंग्रजीत 'डी. के. वर्ल्ड टूर्स' बसवलं. डी. म्हणजे धोंडू, के. म्हणजे आमचे तीर्थरूप कृष्णा, जे आयुष्यात कणकवलीच्या पलीकडे गेले नाहीत. पन्नास कागद छापले. गणपती राहू दिला, म्हटलं कंपनीला बरा.

रत्नानं त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आमचे चाळीस प्रवासी आपल्या देशात येऊ इच्छितात.' झकास पुस्तकं आली. पोस्टमन म्हणाला, "धोंडू, घर विकून पोस्टातच राहायला ये." आणि एक दिवस बर्फाच्या देशाकडून (नाव सांगत नाही, त्यांची तरी अब्रू राहू दे) पुस्तकाऐवजी पत्र आलं. रत्नानं वाचलं, पुन्हा वाचलं, मग खाली बसली.

"अहो, शनिवारी चार वाजता त्यांचा माणूस आपलं ऑफिस बघायला येतोय. ऑफिस पसंत पडलं तर मालक आणि मालकीणबाईंना दहा दिवस फुकट नेणार आहेत. विमानानं."

"कोण मालकीणबाई?"

"मी!"

त्या वेळचा तिचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. मी सरळ कबुली देऊन टाकणार होतो, देवाशपथ. पण दुसऱ्या दिवशी तिनं दोन माकडटोप्या विकत आणल्या. एक माझ्या मापाची. आता कसली कबुली देतोय?

"पासपोर्ट?" तिनं एकदा विचारलं.

"रेशनकार्ड आहे ना!" मी म्हटलं.

शनिवारी दुपारी घराचं ऑफिस केलं. स्टोव्ह, डबे, पाण्याचं पिंप सगळं साडीच्या पडद्यामागे. भिंतीवर सतरा देश चिकटवले. छापखान्यातला मेलेला टेलिफोन आणून टेबलावर ठेवला, वायरचं शेपूट बिस्किटांच्या डब्याखाली. पडद्यामागे काशीरामभाऊ सायकलची घंटी घेऊन. मी खोकलो की त्यांनी वाजवायची, मी फोन उचलून पॅरिसशी बोलायचं. आणि गिऱ्हाईक म्हणून बाकावर त्यांची बायको, मालनकाकी, नऊवारी नेसून.

पावणेचारला एक गृहस्थ चढण चढून धापा टाकत दारात आले. काळासावळा माणूस, छत्री, चष्मा, खांद्याला बॅग. हातात घडी केलेला कागद, आणि घडीतून आमच्या छापखान्याचा गणपती डोकावत होता. मी ओळखलं. लग्नपत्रिकेचं प्रूफ घेऊन कोणीतरी मुलीचा बाप थेट घरी आला.

"धोंडू तुम्हीच का? मी श्यामकांत गुप्ते. हा कागद..."

"गुप्तेसाहेब, कागद खिशात घाला. पत्रिकेचं सोमवारी बघू. आज आमच्याकडे एक गोरा यायचाय."

"गोरा?"

"तुम्ही देवासारखे आलात. चष्मा आहे, इन केलाय. एक काम करा, बाकावर बसा आणि गिऱ्हाईक व्हा. गोऱ्यानं विचारलं तर सांगा, बर्फाच्या देशाला जातोय, चाळीस जण. तुमच्या पत्रिकेत दहा टक्के सूट."

माणूस छत्री कोपऱ्यात ठेवून बाकावर जाऊन बसला. मला भारी आवडला. वेळ होता म्हणून मी त्याला सगळी गंमत दाखवली. खोकलो, घंटी वाजली, पॅरिसला ओरडलो, बिस्किटांचा डबा उचलून वायरचं शेपूटही दाखवलं.

"वा," तो म्हणाला. "आणि काकी, तुम्ही कुठे निघालात?"

"अमेरिकेक," मालनकाकी म्हणाल्या.

"किती दिवस?"

"दिवस कसले? सांजच्याक परत येतलंय. सहाक नळाक पाणी येता."

"काकी, वाट लावाल माझी!" मी म्हटलं. "पंधरा दिवस सांगायचं ठरलंय ना?"

"मगे माजा पाणी कोण भरतलो? तुजो गोरो?"

गुप्ते रुमालानं तोंड पुसत बसला. मग तो रत्नाकडे वळला. "बाई, खरंच कोणी आलं आणि त्यानं त्या देशाचं काही विचारलं तर?"

"विचारू दे की," रत्ना म्हणाली. आणि बोलायलाच लागली. राजधानीतून डोंगरावर जाणारी गाडी सकाळी सव्वाआठला सुटते. डाव्या खिडकीला बसायचं, उजव्या बाजूला नुसता कातळ आहे. तिसऱ्या स्टेशनावर म्हातारीचं दुकान, तिथे लोकर स्वस्त. वर गेल्यावर पहिला अर्धा तास पळायचं नाही, दम लागतो. "तळ्याकाठी एक बाक आहे," ती म्हणाली, "पान तेवीसवर. तिथे आम्ही दोघं बसतो. म्हणजे... बसणार आहोत."

पडद्यामागची घंटी चुकून एकदा वाजली.

साडेपाच वाजले. गोरा आला नाही. मालनकाकी अमेरिका रद्द करून हंडा घेऊन गेल्या. मी म्हटलं, "च्यायला, फसवलं त्यानं. या परदेशी लोकांना वेळेचं काही नाही."

तेव्हा गुप्त्यानं खिशातून एक छोटं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. रत्नानं ते वाचलं आणि पदर तोंडाला लावला. मी उलटं धरून वाचलं, तरी तेच निघालं. तो बर्फाच्या देशाच्या टुरिस्ट ऑफिसचा साहेब होता.

"दोन जागांचं पत्र बॅगेत आहे," तो म्हणाला. "पण ते खऱ्या कंपनीसाठी. तुम्हाला दिलं तर माझी नोकरी जाईल." मग त्यानं घडी केलेला तो कागद उलगडला. आमचंच लेटरहेड! "शिवाय तुम्ही स्वतःच छापलंय, मी कसं देऊ?"

सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरांत, चौकटीत कायमची बांधलेली शेवटची ओळ होती: 'कृपया आहेर आणू नयेत.'

पन्नासच्या पन्नास कागदांवर! सतरा देशांना!

"रत्ने, तू मॅट्रिक पास ना? तुला दिसलं नाही?"

"दिसलं होतं," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "मला वाटलं, मुद्दाम छापलंत. आपण फुकटे वाटू नये म्हणून."

त्यावर गुप्तेसाहेब जे हसले, ते हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. जाताना दारात थांबले. "बाई, आमच्या ऑफिसात काउंटरवर बसाल? तिथे बसणाऱ्यांना त्या देशाचं तुमच्या निम्मंही ठाऊक नाही." माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही नको."

रत्ना बसली. चार वर्षं लोकांना डावी खिडकी सांगत राहिली. सत्त्याऐंशीत ऑफिसनं तिला दहा दिवस पाठवलं, एकटीला. मी सहारच्या विमानतळावर पोचवायला गेलो. विमान उडालं तेव्हा या खेपेला हात मी हलवला, सवय असलेली बरी. दहा दिवस मी भात करपवला, आणि पान तेवीस काढून त्या बाकाकडे बघत जेवलो. बाकावर एका बाजूला बरीच जागा होती.

परत आली ती गालावर लाली घेऊन. डोक्यावर माकडटोपी, घाटकोपरच्या उन्हात! खिडकी खरंच डावी होती, म्हातारी मात्र वारली होती, सगळं सांगितलं. मी बराच वेळ वाट बघितली, शेवटी न राहवून विचारलं, "ते जाऊ दे गं. माझ्यासाठी काय आणलंस?"

रत्नानं शांतपणे पर्स उघडली. आतून एक जुना कागद काढला, उलगडला आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवला. वर गणपती, मध्ये डी. के. वर्ल्ड टूर्स. मग तिनं बोट खालच्या ओळीवर ठेवलं.