मोठ्या गाडीचा दिवा

खरेदी ही कुणालाही जमणारी गोष्ट नाही, मंडळी! तिला नजर लागते, जीभ लागते, आणि दुकानदारानं भाव सांगितला की तोंड कडू करता यावं लागतं. ही तिन्ही माझ्यापाशी आहेत. साडेतीन रुपयांची छत्री मी सव्वा रुपयात आणलेली आहे. ती उघडत नाही, तो भाग वेगळा. पण सव्वा रुपया!

हे मुद्दाम सांगतोय, कारण चोपन्न सालच्या मार्गशीर्षात जे काही झालं त्यात माझ्या खरेदीला उगाच बोल लावला जातो. तुम्हीच ऐका आणि ठरवा.

माझ्या धाकट्या बहिणीचा, सुमनचा, साखरपुडा ठरला होता. मुलगा निघोज्याचा, ज्योतीराम नावाचा. पिंपरीला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात फिटर. आधीच्या सहा मुलांना सुमननं मान खाली घालून नकार दिला होता, ह्याला मान वर करून होकार दिला. आमच्या आईनं, कौशल्याबाईंनी, त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली. सुमनला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि त्यामुळं आमचा सगळ्यांचाच जीव त्या सोयरिकीत अडकला होता.

अडचण एकच होती. मुलाचे वडील, सोपानराव!

सोपानराव माणूस लाखातला, पण मुहूर्ताचा भयंकर पक्का. वर्षापूर्वी भोसरीच्या पाहुण्यांनी मुहूर्त आठ मिनिटं चुकवला, तर हे पानसुपारीला हात न लावता उठले आणि सोयरीक मोडून घरी आले. आमच्याकडं बोलणी करतानाही त्यांनी बजावलं होतं, "मारुतराव, सात एकवीस म्हंजी सात एकवीस. मुहूर्त काय यष्टी हाय व्हय, मागनं दुसरी यायला?"

संध्याकाळचे सात एकवीस, आमच्या चिंचवडच्या घरी. त्यांना निघोज्याहून आणायची जबाबदारी माझी. आता निघोज्याहून यायचं म्हणजे त्या काळी बैलगाडीची चाकोरी, मध्ये दोन ओढे, मग इंद्रायणीचा उतार. तिथून मोटार येणं शक्यच नव्हतं. पण माझ्या मित्रानं, मालोजीनं, मिलिटरीच्या लिलावातून एक जीप घेतली होती. ती रस्ता नसेल तिथं उत्तम चालायची. रस्त्यावर आली की कुरकुरायची.

"जीप देतो," मालोजी म्हणाला, "पण अंधार पडायच्या आत परत यायचं. तिचा एक दिवा फुटलाय आणि दुसरा लागलाय की नाही हे काडी ओढून बघावं लागतं."

"मुहूर्त सात एकवीसचा आहे. मार्गशीर्षात सहालाच अंधार होतो!"

"मग जादा दिवे बसवू. नवी जोडी सत्तर रुपयांना मिळते."

"सत्तर?" मी हसलो. "लेका, मी असताना सत्तर?"

रविवारी मी पुण्याच्या जुन्या बाजारात हजर! तिथं एका म्हाताऱ्यानं गोणपाटावर दिवेच दिवे मांडले होते. पिवळ्या काचेची एक छान जोडी होती. म्हातारा म्हणाला चाळीस. मी तोंड कडू केलं. मग बसचा एक दिवा दाखवला, वीस रुपये. मी तोंड आणखी कडू केलं. शेवटी त्यानं वैतागून मागून एक पितळी दिवा ओढून काढला. परातीएवढं तोंड, आत लखलखीत आरसा!

"ह्याचे बारा द्या आणि जा," तो म्हणाला. "मैलभर उजेड पडतो."

"कशाचा आहे?"

"मोठ्या गाडीचा."

म्हणजे मिलिटरीच्या ट्रकचा, हे कुणालाही कळेल. मी अकरा रुपयांत तो उचलला.

घरी सुमननं तो चिंच लावून घासला. घासता घासता म्हणाली, "दादा, हा कशाचा दिवा आहे?"

"मोठ्या गाडीचा."

"केवढ्या मोठ्या?"

"तुला काय करायचंय? तू घास!" मी म्हणालो. बायकांना यंत्रातलं काय कळणार!

मालोजीनं आतला बल्ब बदलून जीपचा बसवला. दिवा इतका मोठा होता की बाजूला मावेना, म्हणून तो नाकासमोर मधोमध बांधला. बॅटरीला दोन्ही ओझी पेलवेनात, म्हणून जीपचा उरलेला एक दिवा काढून टाकला. आता जीपला एकच डोळा होता, पण असा की लावल्याबरोबर समोरच्या गोठ्यातला कोंबडा आरवला!

साखरपुड्याच्या दिवशी आम्ही निघोज्याला वेळेवर पोहोचलो, वेळेवर निघालो. पुढं मालोजी आणि सोपानराव. मागं सोजराबाई, म्हणजे वरमाई, ज्योतीराम आणि मांडीवर त्यांची साखरपुड्याच्या सामानाची पेटी घेऊन मी. अंधार पडला, दिवा लागला. खड्डा न् खड्डा, ओढ्यातला गोटा न् गोटा दिसत होता.

"काय उजेड हाय!" सोपानराव म्हणाले. "कितीला घेतला?"

"अकरा," मी म्हणालो. त्या क्षणी माझ्याइतका सुखी माणूस पुणे जिल्ह्यात नव्हता.

चिंचवडजवळ आमची वाट रुळांना लागते, दोन फर्लांग रुळांना चिकटून जाते, मग वळून फाटकातून पलीकडं. फाटकापलीकडं चार घरं सोडून आमचं घर. आम्ही रुळांच्या कडेला लागलो तेव्हा पावणेसात झाले होते. छत्तीस मिनिटं हातात!

आणि समोर फाटक पडलं.

फाटकापाशी आठ बैलगाड्या अडकल्या, त्यांच्यामागं रुळांच्या अंगाला जीपचं नाक काढून आम्ही. आमच्या पुढच्या कडब्याच्या गाडीवर चिमाजी म्हणून एक गाडीवान होता. "फाटक का पाडलं हो?" मी विचारलं. प्रश्न गाडीवरून गाडीवर पुढं गेला आणि उत्तर तसंच मागं आलं.

"गाडी येतीय म्हणं," चिमाजी म्हणाला.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गाडी काही येईना. बॅटरी वाचवायला मालोजीनं दिवा मालवला. मिनिटभरात फाटक उघडलं!

बैलांच्या घंटा वाजल्या, पहिल्या दोन गाड्या पलीकडं गेल्या. "वाजलं किती, बगू द्या," सोपानराव घड्याळ काढत म्हणाले. मालोजीनं दिवा लावला. सोपानराव उतरून दिव्यापुढं गेले, घड्याळ धरलं. "सहा अठ्ठावन."

फाटक पुन्हा पडलं.

"आता काय?" मी ओरडलो.

"गाडी परत आली म्हणं," चिमाजी म्हणाला. "मागं सरली व्हती, आता फुडं आली."

"असली कसली गाडी!" मला संताप आला. मालोजीनं पुन्हा दिवा मालवला. थोड्या वेळानं फाटक उघडलं. मालोजीनं जीप सुरू केली, दिवा लावला. एक बैलगाडी जेमतेम निघाली आणि फाटक पडलं.

आता मात्र मी उठून उभा राहिलो. वेळेची किंमत कुणालाच कशी नाही, यावर मी जोरात बोललो. ते सगळं गाडीवरून गाडीवर पुढं पोहोचवण्यात आलं.

उत्तर आलं, "सोनबा फाटकवाला म्हणतो, आरडू नगा. गाडी उभी हाय."

"कुठं उभी आहे?"

"रुळावर. तेला उजेड दिसतोय."

आम्ही सगळ्यांनी मागं वळून पाहिलं. मागं मिट्ट काळोख! पुढं पाहावं तर आमच्याच दिव्याचा एवढा लखलखाट, की दुसरा उजेड असलाच तरी दिसायचा नाही.

"ठेसनात इचारा म्हणावं!" सोपानराव.

"इचारलं म्हणं," चिमाजी म्हणाला. "मास्तर म्हणतो गाडी न्हाई. पर सोनबा म्हणतो, मला डोळ्यानं दिसतीया ती काय वरात हाय?"

सात पाच. सोपानरावांनी घड्याळ मिटलं. "मारुतराव, सात एकवीसला पुडा पोरीच्या हातात न्हाई पडला, तर जीप माघारी फिरवायची."

मी खाली उतरून बोट दाखवलं. "पायवाट आहे ना बाजूनं! चालत गेलं तर पाच मिनिटं. थोडं वाकून फाटकाच्या दांडीखालून..."

"वाकून?" सोपानराव ताठ झाले. "वरमाईनं वाकून जायाचं? आमच्या घराण्यात सोयरिकीला कुणी वाकत गेलं न्हाई!"

"आबा, मी जातो," ज्योतीराम हळूच म्हणाला.

"तू गप!"

पेटी ज्योतीरामच्या मांडीवर टाकून मी पायवाटेनं पळत सुटलो. घरी दारात रांगोळी, पाटावर भटजी, आईच्या हातात ताट. सुमन नवं लुगडं नेसून ओट्यावर उभी होती आणि रुळांकडं पाहत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. गाडी उभी आहे, फाटक उघडत नाही, सोपानराव वाकत नाहीत. एवढ्या वर्षांनी पोरीच्या मनासारखं होत होतं, आणि एका रेल्वेगाडीपायी ते मोडत होतं!

सुमन म्हणाली, "दादा, तो समोर दिसतोय तो तू आणलेला दिवा ना?"

"हो! बघ इथनंसुद्धा कसा दिसतोय!"

"दिसतोय खरा." तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "आई, ताट घेऊन चल. भटजी, उठा. आपणच जाऊ."

"अगं, मुलीनं जायचं?" आई घाबरली.

"ते वाकत नाहीत ना? मी वाकते."

आणि वाकली! नवं लुगडं सावरत दांडीखालून गेली, रूळ ओलांडून पलीकडच्या दांडीखालून निघाली. मागोमाग आई, ताट, भटजी, मी. सोनबा आपल्या खोपटाबाहेर उभा राहून रुळांकडं टक लावून बघत होता. "बिगी बिगी जावा," तो म्हणाला, "गाडी सुटंल."

आम्हाला चालत येताना पाहून सोपानरावांचा चेहरा उतरला. मग सुमननं खाली वाकून नमस्कार केला आणि तो चेहरा पुन्हा चढला. जीपच्या नाकाशी, दिव्याच्या कडेला पाट ठेवला, पाटावर सुमन बसली. एवढा उजेड होता की भटजींनी चष्मा काढून ठेवला. सोजराबाईंनी कुंकू लावलं, ओटी भरली. सोपानराव घड्याळ दिव्यापुढं धरून उभे होते. "एकोणीस... ईस... एकईस! द्या!"

साखरेचा पुडा सुमनच्या हातात पडला. गाडीवानांनी टाळ्या वाजवल्या. आईनं डोळे पुसले. मी दिव्याकडं पाहिलं आणि ऊर भरून आला. ह्याच्याशिवाय हे झालं असतं का?

तेवढ्यात रुळांवरून एक लाल कंदील डुलत डुलत आला. सोनबा!

"डायव्हर कोन हाय?" त्यानं विचारलं. दिव्यापुढं त्याचे डोळे मिटत होते.

"मी," मालोजी म्हणाला.

"गाडी का उभी केलीया?"

"फाटक बंद आहे म्हणून."

"आरं, फाटक बंद हाय ते गाडी उभी हाय म्हणून! गाडी फुडं गेल्याबिगर फाटक उघडत न्हाई!"

"फाटक उघडल्याशिवाय गाडी पुढं जाणार कशी?"

दोघंही बरोबर होते. सोनबानं डोळ्यांवर हात धरला, दिव्याच्या बाजूनं आत डोकावला. जीप पाहिली, पाट पाहिला, पाटावर बसलेली नवरी पाहिली. "ह्यो तर इंजनाचा दिवा!" तो म्हणाला आणि मटकन रुळावर बसला.

सोपानराव सावकाश म्हणाले, "म्हंजी आपुन अर्धा घंटा वाट बगितली, ती आपलीच?"

त्यांनी दिव्यावर बोटानं टिचकी मारली.

"दिवा कुनी आनला?"

मी पेटीचं कुलूप तपासू लागलो.

"दादानं," सुमन म्हणाली. "अकरा रुपयांत."

सोपानरावांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या पुड्याकडं. पुडा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आणि सोजराबाई तोंडाला पदर लावून खुदखुदू लागल्या. ज्योतीराम हसला, चिमाजी हसला, शेवटी सोपानरावसुद्धा. "दिलेला पुडा आमी माघारी घेत न्हाई," ते म्हणाले. "न्हाईतर आज घेतलाच आसता!"

मी सुमनच्या कानाशी लागलो. "तुला कधी कळलं?"

"ओट्यावरून. तिसऱ्यांदा फाटक पडलं तेव्हा."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का!"

"सांगून काय झालं असतं? दिवा मालवला तर जीप चालणार नाही, लावला तर फाटक उघडणार नाही. आणि चूक आपली म्हणून कळलं असतं, तर सासरे उठून गेले असते. आता बोल दादा, काय बोलायचं ते."

मालोजीनं दिवा मालवला, फाटक उघडलं, बैलगाड्या गेल्या. शेवटी आमची जीप घरी पोहोचली ती सोनबाच्या उजेडात. तो कंदील घेऊन पुढं चालत होता आणि मागून जीप पावलापावलानं येत होती. त्या उजेडाला एक पैसाही पडला नाही, हे सोपानरावांनी मला घरी येईपर्यंत दोनदा सांगितलं.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. दोनच अटी घातल्या. लग्न भर दुपारी लावायचं, आणि बस्त्याच्या खरेदीला मारुतरावांना न्यायचं न्हाई. सुमन आणि सोजराबाई दोघीच पुण्याला जाऊन सगळं घेऊन आल्या. दुकानदारांनी त्यांना किती लुबाडलं असेल, विचार करा!

तो दिवा अजून माझ्याकडं आहे. सुमन दिवाळीला येते तेव्हा घासून ठेवते, त्यामुळं अगदी नव्यासारखा. तुमच्यापैकी कुणाची जीप असेल, आडवाटेनं जायचं असेल, तर नऊ रुपयांत देऊन टाकीन. मैलभर उजेड पडतो. कशाचा म्हणून कुणी विचारलंच, तर सांगा, मोठ्या गाडीचा आहे.